देवाचा दरबार

कोकणात करजगाव येथे 1861 साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये रायपूरच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावी आगगाडीने जात होते. वाटेत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस बायबलाचा नवा करार दिला. वाचता वाचता मन पालटले व 1895 मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी अव्हेरले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. पुढे 1900 च्या सुमारास त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

मान्य मताचा उच्चार व बाप्तिस्मा ही मिशनमध्ये ख्रिस्ती असण्याची खूण होती. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या टिळकांस ती अपुरी वाटे. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचिले, कीर्तने केली. अखेर 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही तेथे भक्त म्हणून सारखेच स्थान होते. 9 मे 1919 रोजी त्यांनी देह ठेविला.

त्यांचा मार्ग आपला नव्हे. परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायातही मनुष्याचे मोल त्याच्या श्रद्धेवरून ठरविले आहे. आपला नित्यपाठ बिनचूक असेल. त्यात अंतःकरण आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.