विश्लेषण : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये कोणता प्रश्न विचारला होता?

स्त्री आणि पुरुष यांच्यातला फरक निसर्गाने केला की समाजाने, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात युरोपात शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ भांडत होते. त्याच काळात वऱ्हाडातल्या बुलढाण्यात राहणाऱ्या एका महिलेने हाच प्रश्न मराठीत, आपल्या पद्धतीने मांडला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 मध्ये निघाले. ते निघाले एका विधवेला झालेल्या फाशीच्या शिक्षेमुळे. पुस्तकावर टीका झाली, मग ते विस्मरणात गेले आणि तब्बल 93 वर्षांनी पुन्हा वाचकांसमोर आले. या लेखिकेच्या आयुष्याचा आणि विचारांचा हा आढावा.

ताराबाई शिंदे कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म 1850 मध्ये बुलढाण्यात एका मराठा कुटुंबात झाला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली येऊ घातले होते. 1853 मध्ये ते इंग्रजांकडे आले. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते. ते शिकलेले, सुधारणावादी मताचे होते. शिकलेल्या देशी लोकांना चार गोष्टी सुनावणारे एक पुस्तक त्यांनी 1871 मध्ये काढले होते. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच्याशी शिंदे कुटुंबाचा संबंध होता.

चार भावांमध्ये ताराबाई एकट्या बहीण. मुलींच्या शिक्षणाला समाजात विरोध असताना वडिलांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्या काळातल्या मराठा घरांमध्ये बाईने उंबऱ्याबाहेर न पडण्याची रीत होती. त्यामुळे ताराबाईंचे जग घराच्या चार भिंती, वडिलांची पुस्तके आणि घरी येणारी वर्तमानपत्रे एवढेच होते. पुढे त्यांच्या लिखाणात पुराणे, नाटके, कादंबऱ्या आणि ताज्या बातम्या एकत्र दिसतात, त्याचे मूळ या वाचनात आहे.

त्यांचे लग्न लहानपणीच झाले, पण सासरी नांदायला जाण्याऐवजी नवराच घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आला. त्यांना मूलबाळ झाले नाही. सासरचा जाच, सततची बाळंतपणे आणि घरकामाचा रगाडा यातून त्या बऱ्याच अंशी सुटल्या. त्या काळी बाईला लिहायला लागणारी सवड आणि मोकळीक अशी अपवादानेच मिळत असे.

पुस्तक लिहिण्याचे तात्कालिक कारण काय?

1881 मध्ये सुरत जिल्ह्यातले विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेचे प्रकरण गाजले. विधवेला पुन्हा लग्न करण्याची रूढीने बंदी होती. गर्भ राहिल्याचे उघड झाले असते तर बदनामी आणि वाळीत टाकले जाणे ठरलेले होते. त्या भीतीने तिने जन्मलेल्या बाळाला मारले. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे फाशी टळली आणि शिक्षा काळ्या पाण्यावर आली.

कायद्याने विधवाविवाह 1856 पासूनच मान्य होता. पण कायद्याने मिळालेली मुभा घरात आणि जातीत कुणी वापरू देत नव्हते. खुनाचा गुन्हा आईवर सिद्ध होत होता, मुलाच्या बापाला मात्र कुणी काही विचारत नव्हते.

या प्रकरणावर वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ने तर या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीच्याच वर्तनावर घसरत त्यांना अनीतिमान ठरवले. बुलढाण्यात हे वाचून ताराबाई संतापल्या आणि त्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ उभे राहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 1882 मध्ये त्याच्या 500 प्रती छापल्या गेल्या. किंमत होती नऊ आणे.

पुस्तकात नेमके काय आहे?

स्त्रिया अविचारी, कपटी, चंचल, साहसी असतात, अशी दूषणे देणारी जुनी वचने त्या काळी सर्रास वापरली जात. इथे साहसी म्हणजे धाडसी नव्हे, तर पुढचामागचा विचार न करता दुष्कर्म करणारी. ताराबाईंनी यातला एकेक आरोप घेतला आणि तो पुरुषांना लावून पाहिला. फसवणूक कोण जास्त करते? लाच कोण खाते? खोट्या साक्षी कोण देते? दारूत घर कोण बुडवते? बायकोला टाकून दुसरी कोण करते? असा ताळा मांडल्यावर त्यांचा निष्कर्ष असा, की जे दोष बाईच्या नावावर घातले जातात ते पुरुषांत तितकेच, किंबहुना जास्त आहेत.

त्यांचा दुसरा मुद्दा दुटप्पी नियमांचा आहे. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, चांगले खाणेपिणे बंद, शुभकार्यात तोंड दाखवायचे नाही. बायको मेली की पुरुष मात्र लगेच बोहल्यावर चढायला मोकळा. मग विधुरानेही दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये, असे त्या विचारतात. पतिव्रतेची गोष्ट सांगणाऱ्यांना त्या सावित्रीचीच आठवण करून देतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कुणी पाहिला आहे का, असा त्यांचा सवाल आहे.

विधवाविवाहबंदी ही फक्त ब्राह्मणांची रूढी नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, पण उच्चकुळी म्हणवणाऱ्या मराठा घरांनी ती सोडून बंदीचा कित्ता गिरवला होता. टीका आपल्या जातीवर आणि आपल्या घरांवर करायलाही त्या कचरल्या नाहीत. सभा भरवून भाषणे देणाऱ्या आणि घरी काहीच न बदलणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडले नाही.

उत्क्रांतीच्या वादाशी याचा संबंध कसा?

चार्ल्स डार्विनचे सजीवांच्या उत्क्रांतीवरचे पुस्तक 1859 मध्ये निघाले. माणसाच्या उत्पत्तीवरचे त्याचे दुसरे पुस्तक 1871 मध्ये आले. त्यात त्याने पुरुषाची बुद्धी उत्क्रांतीच्या ओघात स्त्रीपेक्षा वरचढ झाली, असे मत मांडले. हर्बर्ट स्पेन्सरही 1873 मध्ये असेच म्हणत होता. स्त्रीची शक्ती प्रजोत्पादनासाठी राखली जाते, म्हणून तिची वाढ लवकर थांबते, हा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे धर्मग्रंथांनी दिलेल्या दुय्यम स्थानाला आता विज्ञानाचे नाव मिळू लागले होते.

याला विरोधही झाला. जॉन स्टुअर्ट मिल याने 1869 मध्येच सांगितले होते, की स्त्रीचा स्वभाव म्हणून जे दाखवले जाते ते तिला दाबून ठेवल्याचा परिणाम आहे. अमेरिकेत अँटोइनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी 1875 मध्ये डार्विन आणि स्पेन्सर यांना पुस्तकातून उत्तर दिले. उत्क्रांती मान्य, पण त्यातून स्त्री कमी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ताराबाईंची साधने निराळी होती. त्यांच्यापुढे प्राणिशास्त्र नव्हते, पुराणे आणि वर्तमानपत्रे होती. पण युक्तिवादाचा गाभा तोच होता. बाईला कोंडून ठेवायचे, शिकू द्यायचे नाही आणि मग ती अज्ञानी असल्याचे तिच्या स्वभावाच्या माथी मारायचे, ही लबाडी त्यांनी ओळखली. ज्याला स्वभाव म्हणतात ती परिस्थिती असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात हाच धागा पुढे गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे दिसतो. शालेय शिक्षणासाठी वऱ्हाडातल्या अकोल्यात राहिलेल्या आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर या दोघांचाही प्रभाव होता. समाज हळूहळू उत्क्रांत होतो, हा विचार त्यांनी 1888 मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मधून मांडला. पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांनी स्पेन्सरचा निष्कर्ष घेतला नाही. मुलामुलींना सारखे आणि एकत्र शिक्षण द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले?

स्वागत थंडे झाले आणि जे झाले त्यात टवाळी जास्त होती. एका बाईने एवढ्या कडक भाषेत पुरुषांना जाब विचारणे अनेकांना रुचले नाही. सत्यशोधक वर्तुळातल्या काहींनीही नाके मुरडली. ठामपणे मागे उभे राहिले ते जोतीराव फुले. 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यांचा उल्लेख लेकीच्या मायेने केला आणि टीका करणाऱ्या सहकाऱ्यांना सुनावले.

फुल्यांना या विषयाची झळ जवळून माहीत होती. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले होते. विजयालक्ष्मीसारख्या कितीतरी जणींचा जीव अशा घरामुळे वाचू शकत होता. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हाही एका विधवेचाच मुलगा.

ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. 1910 च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचारांना मर्यादा होत्या का?

होत्या. ताराबाईंनी विवाहसंस्था किंवा घरसंसार मोडायला सांगितले नाही. चांगल्या गृहिणीचा आदर्श त्यांना मान्य होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याबद्दल त्यांनी कौतुकाने लिहिले. हक्कांची यादी, कायद्याचा मसुदा असे काही त्यांच्या पुस्तकात सापडत नाही. पण नियम एकच असेल तर तो दोघांना लागू करा, नाहीतर दोघांनाही सोडा, ही त्यांची मागणी पुढच्या सगळ्या समान हक्कांच्या लढ्यांच्या मुळाशी आहे. आणि उंबऱ्याआडच्या बाईने स्वतःच्या नावानिशी छापून मत मांडणे, हा त्या काळी मतस्वातंत्र्याचा मोठा वापर होता.

पुस्तक पुन्हा कसे सापडले?

अभ्यासक स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा प्रसिद्ध केले. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. 1991 मध्ये सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनात त्यातला भाग घेतला. 1994 मध्ये इतिहासकार रोझालिंड ओ’हॅनलॉन यांनी संपूर्ण पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. तेव्हापासून भारतातल्या स्त्रीवादी लेखनाची सुरुवात सांगताना बुलढाण्याचे नाव घेतले जाते.

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव आणि लोणारचे सरोवर, ही बुलढाणा जिल्ह्याची ओळख शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ताराबाईंचे नाव मात्र अजून प्रामुख्याने अभ्यासकांच्या तोंडी आहे. नऊ आण्यांना विकायला ठेवलेल्या त्यांच्या पुस्तकातला प्रश्न साधा होता : चूक दोघांची असेल तर शिक्षा एकटीलाच का? घराण्याच्या इज्जतीचे ओझे आजही आधी मुलीच्याच डोक्यावर ठेवले जाते, तोवर या प्रश्नाचे उत्तर देणे बाकीच आहे.