कारकुनाची मोजपट्टी

गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या केसावरून वा रक्ताच्या थेंबावरून आज माणसाची ओळख पटविता येते. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पॅरिसमधील एका कारकुनाची गणना करावी लागते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

आल्फाँस बेर्तियाँचा जन्म १८५३ चा. वडील नामांकित डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ. थोरला भाऊ जाक याने केलेले मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण हे आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे मूळ होय. अशा घरातील हा मुलगा मात्र शाळांतून काढून टाकला गेला. वडिलांच्या ओळखीने १८७९ मध्ये त्याला पोलीस कचेरीत गुन्हेगारांची वर्णने उतरवून काढण्याचे काम मिळाले. (वशिल्याचा प्रत्येक उमेदवार निरुपयोगीच असतो असे नाही, हे कबूल करणे आम्हा नोकरदारांना जड जाते.)

ही वर्णने मोघम असत. कैद्यांना डागण्याची प्रथा फ्रान्समध्ये १८३२ साली बंद झाली होती. त्यामुळे नाव बदलले की जुना गुन्हेगार नवा होई. प्रौढ माणसाच्या हाडांची मापे बदलत नाहीत, आणि एखादे माप दोघांचे जुळले तरी अकरा मापे जुळणे जवळजवळ अशक्य, हे बेर्तियाँने हेरले. वरिष्ठांनी आधी त्याची थट्टाच केली. पुढे आलेल्या अधिकाऱ्याने तीन महिन्यांची मुदत दिली, आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये खोटे नाव सांगणारा पहिला गुन्हेगार सापडला. १८८४ मध्ये असे २४१ जण ओळखले गेले. खरी करामत मोजण्यात नव्हती, मांडणीत होती. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठे असे गट पाडल्याने हजारो कार्डांतून हवे ते कार्ड काही मिनिटांत हाती येई. गुन्ह्याच्या जागेची मोजमापासह छायाचित्रे घेण्याची पद्धतही त्यानेच रुजविली.

मात्र यशाने त्याला फाजील आत्मविश्वास दिला. १८९४ मध्ये कॅप्टन ड्रेफसवर हेरगिरीचा आरोप आला, तेव्हा बेर्तियाँ हस्ताक्षरतज्ज्ञ नसतानाही साक्षीला उभा राहिला. कागदावरील अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी जेथे जुळत नव्हते, तेथे आरोपीने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असा त्याचा दावा! जुळले तर दोषी, न जुळले तरी दोषी; अशा तर्कापुढे कोणता निरपराध टिकणार? ड्रेफसने डेव्हिल्स आयलंडवर चार वर्षांहून अधिक काळ काढला. पुढे पॉइनकारे आदी गणितज्ञांनी बेर्तियाँचे संभाव्यतेचे हिशेब निराधार ठरविले आणि १९०६ मध्ये शिक्षा रद्द झाली. संख्याशास्त्रज्ञाच्या मुलाने आकड्यांचा केलेला हा दुरुपयोग अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला अधिकच बोचतो.

दरम्यान कलकत्त्यात १८९७ साली अंगुलिमुद्रांचे कार्यालय उघडले होते; त्या वर्गीकरणामागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचे परिश्रम होते. बेर्तियाँने १९०२ मध्ये काचेवरच्या ठशांवरून एक खुनी शोधला खरा, पण कार्डांची मांडणी मापांनुसारच ठेवली. १९११ मध्ये लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीस गेली. चोराचा ठसा काचेवर होता, त्याची नोंदही दफ्तरात होती. परंतु केवळ ठशावरून कार्ड काढण्याची सोयच नव्हती. चित्र परत मिळाले ते १९१३ च्या डिसेंबरात, चोर ते विकायला फ्लॉरेन्सला गेला तेव्हा. पुढच्या फेब्रुवारीत बेर्तियाँ वारला.