माशाचे दात आणि हिस्लॉप साहेब

मी मूळचा दापोलीचा. ओहोटी लागली की आमच्या आंजर्ल्याच्या खाडीत चिखलावर निवटे बाहेर येतात. मासा असून पाण्याबाहेर! पुढचे पर हातासारखे टेकत सरपटतात, उड्या मारतात, ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून हवेतला प्राणवायू घेतात. लहानपणी वाटायचं की आपले पूर्वज असेच वर आले असणार. ते खरं नाही. निवट्याची जात निराळी, तो हल्लीहल्ली चिखलात आलेला. जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांची सुरुवात साधारण 37-38 कोटी वर्षांपूर्वी मांसल परांच्या माशांपासून झाली, आणि त्या माशांची सगळ्यात जवळची हयात भावंडं म्हणजे फुप्फुसवाले मासे. हे मला दापोलीत नाही, नागपुरात आल्यावर कळलं, तेही एका पाद्र्यामुळे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कोणाला माहीत नाही? 1883 साली सुरू झालेलं, सिव्हिल लाईन्समधलं. पण हिस्लॉप कोण, हे आमच्या अख्ख्या विंगमध्ये एकालाही सांगता आलं नाही. कोणी म्हणालं कलेक्टर असेल, कोणी म्हणालं गव्हर्नर. शेवटी मेसची रांग सोडून लायब्ररीत बसलो.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डन्स गावचा. पोरवयापासून किडे आणि दगड गोळा करायचा नाद. शिक्षण एडिंबरा आणि ग्लासगोला. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, फ्री चर्च वेगळं झालं, त्याच चर्चने त्याला हिंदुस्थानात पाठवलं. स्कॉटिश पाद्री आमच्या बाणकोट-हर्णैला त्याच्या वीसेक वर्षं आधीच पोचले होते, मराठी शिकून शाळाही चालवत होते. पण हिस्लॉपच्या वाट्याला समुद्र नव्हता. डिसेंबर 1844 मध्ये मुंबईला उतरून तो 1845 च्या फेब्रुवारीत नागपूरला आला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला.

तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉपने मराठी शिकली, 1846 मध्ये शाळा काढली. दोन वर्षांतच एका तरुणाच्या धर्मांतरावरून प्रकरण दरबारापर्यंत गेलं. त्याचं धर्मप्रसाराचं काम ज्याला जसं वाटेल तसं वाटो. माझं लक्ष वेधलं ते त्याच्या फावल्या वेळाने. आपण फावल्या वेळात काय करतो ते वॉर्डन सर जाणतातच.

1847 मध्ये रॉबर्ट हंटर हा दुसरा पाद्री त्याच्या मदतीला आला. 1851 मध्ये दोघं नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडे फिरायला गेले असताना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दिसले. गंमत बघा, आजूबाजूला सगळा काळा कातळ, म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्ह्यात जीवाश्म कुठून येणार? आमच्या दापोलीला वर जांभा आणि खाली हाच कातळ, म्हणून तिकडे हाडं शोधणाऱ्याचा वेळ फुकट जातो. पण लाव्हा एकदम एका दिवसात आला नाही. एक थर थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, मग पुढचा थर येऊन सगळं झाकून टाकायचा. टाकळीचा थर हा असा दोन लाव्ह्यांच्या मधला, साडेसहा कोटी वर्षांहून थोडा जुना. सिव्हिलच्या पोरांनी जिऑलॉजीच्या ओरलला हे सांगून बघावं.

त्या एका शंखाने दोघांना वेड लावलं. प्रचारासाठी गावोगाव हिंडायचंच होतं, आता हिंडताना डोळे खाली. कामठीजवळ सिलेवाड्याच्या दगडात पानांचे ठसे मिळाले. वरोऱ्याकडे पिसदुऱ्याला मोठमोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं मिळाली. ती आज डायनोसॉरची म्हणून ओळखली जातात. आणि मांगली गावाच्या विटकरी वालुकाश्मात एक चपटी, रुंद कवटी सापडली.

ती कवटी लंडनला रिचर्ड ओवेनकडे गेली. डायनोसॉर हे नाव ज्याने ठेवलं तोच हा ओवेन. त्याने 1855 मध्ये तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स. अर्थ ढोबळमानाने आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. त्या काळी अशा प्राण्यांना सरपटणारेच समजत. आज आपल्याला ठाऊक आहे की हा बेडकांच्या बाजूचा, उभयचर प्राणी होता, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा. फुप्फुसं होती, पाय होते, पण पाण्याशी नातं सुटलेलं नव्हतं. उभयचरांची अंडी उघड्यावर सुकून जातात. कवचाच्या आत स्वतःचं पाणी घेऊन येणारं अंडं ज्यांनी कमावलं ते सरपटणारे प्राणी खऱ्या अर्थाने कोरड्या जमिनीवर पसरले. पुढे त्यांच्यातूनच डायनोसॉर आणि पक्षी झाले, आणि त्यांच्या भाऊबंदांतून आपण सस्तन.

हा सगळा प्रवास हिस्लॉपच्या पेटाऱ्यात तुकड्यातुकड्यांनी जमा होत होता. प्राणहितेच्या खोऱ्यातल्या मालेरी गावच्या (हे आता तेलंगणात आहे) लाल मातीतून त्याला विचित्र दात मिळाले. कंगोरे असलेल्या चपट्या पाट्याच म्हणा. ते सेराटोडस नावाच्या माशाचे. 1859 मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ओल्डहॅमने त्यातल्या एका जातीला हिस्लॉपचं नाव दिलं, एकीला हंटरचं. त्याच मालेरीच्या मातीतल्या मगरीसारख्या एका प्राण्याला पुढे 1885 मध्ये लिडेकरने पॅरासुकस हिस्लॉपी म्हटलं. तिथलाच चोचीच्या तोंडाचा हायपरोडॅपेडॉन हा सरपटणारा प्राणी तर स्कॉटलंडमधल्या एल्गिनलाही सापडला आहे. तेव्हा सगळे खंड एकमेकांना चिकटलेले होते, प्राण्यांना वाटेत समुद्र आडवा येत नव्हता.

हिस्लॉप चुकलाही. पानांच्या ठशांवरून त्याने नागपूरकडचे थर आणि दगडी कोळसा जुरासिक काळाचे मानले. ते त्याहून सुमारे दहा कोटी वर्षं जुने निघाले. दहा कोटींची चूक म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलमधल्या एररला लाजवील अशी! पण किरणोत्सर्गावरून वय काढायची सोय तेव्हा नव्हती, नुसती पानं पानांशी ताडून बघायची होती.

जीवाश्मांखेरीज गोंडांच्या भाषेची आणि गाण्यांचीही त्याने टिपणं ठेवली होती. ती त्याच्या मागे 1866 मध्ये सर रिचर्ड टेंपलने छापली. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता. 4 सप्टेंबर 1863 ला त्याच्याबरोबरच हिस्लॉप टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं बघायला गेला. भर पावसाळ्याचे दिवस. परतताना नाल्याला पूर आलेला होता, त्यात तो वाहून गेला. शेचाळीसावं वर्ष पुरं व्हायला चार दिवस बाकी होते.

मालेरीच्या त्या दातांचा मासा कसा दिसत असेल हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणालाच माहीत नव्हतं. सेराटोडस म्हणजे नुसते दात, मासा कधीच संपला, अशी समजूत होती. 1870 मध्ये, म्हणजे हिस्लॉप गेल्यावर सातच वर्षांनी, सिडनीच्या म्युझियमच्या गेरार्ड क्रेफ्टपुढे क्वीन्सलंडच्या नदीतला एक जाडजूड मासा आला. त्याने तोंड उघडून बघितलं तर आत तसेच कंगोऱ्यांचे दात, आणि पोटात एक फुप्फुस. तिथले वसाहतवाले तो मासा कितीतरी वर्षं शिजवून खात होते.