वालचंदांची मोटार

मुंबईहून निघणारा जुना आग्रा रस्ता कुर्ला, मुलुंड, ठाणे मागे टाकून भिवंडीपलीकडे शहापूर तालुक्यात शिरतो आणि पुढे कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जातो. या रस्त्याच्या दोन टोकांशी एकाच माणसाच्या कामाच्या खुणा आहेत. शहापूरच्या रानात तानसा तलाव आहे. तेथून मुंबईला पाणी नेणारे, आत माणूस सहज उभा राहील एवढ्या व्यासाचे नळ टाकण्याचे काम ज्या कंपनीने केले, ती कंपनी चालविणारे गृहस्थ आणि कुर्ल्याला याच रस्त्याच्या कडेला मोटारीचा कारखाना उभारणारे गृहस्थ एकच, वालचंद हिराचंद दोशी. घाट चढता चढता ज्या मोटारीचा रेडिएटर हमखास उकळायचा आणि जिच्यात बदल करीत करीत दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांनी आयुष्य काढले, ती फियाट त्यांच्याच कारखान्यातली. मात्र ती फियाट रस्त्यावर आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन, घरची भाषा गुजराती. पण गाव सोलापूर आणि वळणही सोलापूरचेच. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाच्या व्यापारातले प्रतिष्ठित नाव. मुलाने पेढीवर बसावे ही रीतच होती. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून वालचंद पेढीवर बसलेही, पण धान्य आणि कापसाच्या सौद्यांत त्यांना खोट आली. तराजू आणि वहीखाते यांत या तरुणाचे मन रमणारे नव्हते. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाच्या, रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटे घेऊ लागलेल्या गृहस्थांशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याने रूळ बदलला. बार्शी लाइट रेल्वेचे काम दोघांनी मिळून घेतले. भांडवल वालचंदांकडचे, कामाची माहिती फाटकांची. मराठी कारकून आणि गुजराती सावकारपुत्र यांची ही ‘फाटक-वालचंद’ जोडी पुढे १९२० साली टाटांच्या साहाय्याने ‘टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी’त विलीन झाली.

बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानशाची नळवाहिनी ही या कंपनीची गाजलेली कामे. तानशाचे धरण इंग्रजांनी १८९२ साली पुरे केले होते. शहर वाढत गेले तसे जुने नळ अपुरे पडू लागले आणि नवे, अधिक मोठे नळ टाकण्याचे ठरले. शहापूर-भिवंडीच्या डोंगराळ, ओढ्याखोड्यांच्या मुलखातून ही वाहिनी न्यायची, तर जड नळ जागेवर पोहोचविणे हेच अर्धे काम होते. उंचसखल भागात नळांचा उतार बिघडू द्यायचा नाही, खाडी आणि दलदल ओलांडायची आणि हे सारे चालू असताना शहराचे पाणी एक दिवसही बंद पडू द्यायचे नाही. परक्या कंपन्यांचीच म्हणून समजली जाणारी असली कामे एतद्देशीय कंत्राटदार पार पाडू शकतो, हे येथे दिसून आले. त्या पाण्याने मुंबई वाढली. शहापूरच्या गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती वालचंदांच्या काळीही कोणाला बोचल्याचे दिसत नाही.

त्यांच्या उद्योगांची नुसती यादी दिली तरी दमछाक होते. १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारकडून ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ही बोटही नवी नव्हती. १८९० च्या सुमारास ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती पॅसिफिकमध्ये प्रवासी वाहतूक करीत असे. महायुद्धात तिचे इस्पितळ झाले. मग पुन्हा डागडुजी होऊन ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली, आणि वालचंद स्वतः तिच्यावर होते. जुन्या यंत्राला नवे आयुष्य देण्याचा हा त्यांचा पहिला प्रयोग. धंद्याच्या दृष्टीने तो फारसा फळला नाही आणि चारएक वर्षांत बोट मोडीत निघाली. पण तो दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. पुढे लॉर्ड इंचकेपच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीशी सिंदियाला दरयुद्ध करावे लागले. रावळगाव आणि कळंब येथील ओसाड माळावर ऊस आणि साखर उभी राहिली, त्यातून वालचंदनगर वसले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोटारीचा ध्यास मात्र त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागला. त्या आधी हिंदुस्थानात मोटारी येत त्या सुट्या भागांच्या पेट्यांतून. मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड यांचे जुळणीचे कारखाने होते. तेथे भाग जोडायचे, रंग द्यायचा, विकायचे. इंजिनाचा ठोकळा ओतण्याचे, दात्यांची चक्रे कापण्याचे काम येथे होत नव्हते. ते आपल्याकडे व्हावे, ही कल्पना प्रथम आग्रहाने मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ साली ते युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून आले आणि त्यांनी तपशीलवार योजना तयार केली. वालचंदांच्या चरित्रात विश्वेश्वरय्यांचे श्रेय कधीकधी पुसट होते, तसे होऊ नये. योजना त्यांची होती. ती उभी करण्यासाठी दारोदार फिरण्याची चिकाटी वालचंदांची.

दारे बंद होती. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने या कारखान्याला पाठिंबा देण्याची तयारी दाखविली, तोच १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्याशी बोलणी फिसकटली. क्रायस्लर कंपनी तयार झाली, तर दिल्लीचे सरकार आडवे आले. संरक्षक जकातीचे आश्वासन मिळेना, लष्करासाठी गाड्या घेण्याची हमी मिळेना, यंत्रसामग्रीसाठी डॉलर मिळेनात. म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा विचारही दिल्लीच्या नाराजीपुढे टिकला नाही. युद्ध पेटलेले, सैन्याला ट्रक हवे होते, तरी ते हिंदुस्थानात बनू नयेत असाच सरकारी कारभार होता. परदेशी कारखानदारांच्या हिताची काळजी युद्धाच्या गरजेहून मोठी ठरली, असा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही.

या खटपटीत एक विलक्षण गोष्ट घडली. मोटारीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेला गेलेले वालचंद परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाच्या सहवासात आले. चीनसाठी विमाने बनविण्याच्या उद्योगात पॉली होता. गप्पांतून योजना निघाली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. मोटार आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला! पण जपान युद्धात उतरल्यावर १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ ते हेच. विशाखापट्टणमच्या गोदीची कथाही अशीच. १९४१ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली आणि १९५२ साली गोदी सरकारकडे गेली. विमान आणि जहाज दोन्ही हातचे गेले. मोटार तेवढी उरली.

१९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ स्थापन झाली. बिर्लांची ‘हिंदुस्थान मोटर्स’ दोन वर्षे आधी निघाली होती. स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखाली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही मोटारींची नावे, फार्गो हे ट्रकचे. या गाड्या रुंद, जड आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. खड्ड्यांच्या आणि मध्यमवर्गीय खिशाच्या देशाला त्या परवडणाऱ्या नव्हत्या. लहान गाडी हवी होती. म्हणून इटलीतील फियाटशी संबंध जुळले आणि १९५१ साली कुर्ल्यात चिमुकल्या फियाट ५०० ची जुळणी सुरू झाली.

वालचंद या वेळी अंथरुणावर होते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी उद्योगांतून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई त्यांच्यासह गुजरातेत सिद्धपूर येथे राहिल्या आणि तेथेच ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे त्यांच्या अपत्यांपैकी कोणी नव्हते. भाऊ आणि पुतणे यांनी व्यवसाय सांभाळला. त्याच वर्षी जकात आयोगाच्या अहवालानंतर सरकारने ठरविले की, नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे जागा नाही. भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यानेच थांबावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. ज्या मागणीसाठी वालचंद पंधरा वर्षे झगडले, ती मागणी त्यांच्या मृत्यूच्या वर्षी धोरण झाली.

पुढच्याच वर्षी फियाट ११०० आली. गोलाकार पाठीची आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. मराठी माणसाने तिचे बारसे ‘डुक्कर फियाट’ असे करून टाकले. मग ‘सिलेक्ट’ आली, ‘सुपर सिलेक्ट’ आली, १९६४ च्या सुमारास मागे चोचदार पंख असलेली ‘डिलाइट’ आली. १९७२ नंतर फियाटचे नाव गेले. ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ ही नावे आली. अंगाखालचे यंत्र मात्र तेच १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन. एकेक इटालियन भाग काढून त्या जागी देशी भाग बसविण्याचे काम कुर्ल्यात आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांत वर्षानुवर्षे चालले होते. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबले; कुर्ल्याची भगिनी तिच्यानंतर तीन दशके जगली.

या दीर्घायुष्याचे कौतुक करावे की खेद, हा प्रश्न आहे. परदेशी स्पर्धा नाही, उत्पादनावर परवान्याची मर्यादा, गिऱ्हाईक मात्र नोंदणी करून वर्षानुवर्षे तिष्ठत बसलेले. अशा स्थितीत कंपनीला गाडी सुधारण्याची निकड वाटेना. जो संरक्षक कोट वालचंदांनी मागितला होता, त्यानेच त्यांची मोटार गोठवून टाकली.

कारखान्याने जे केले नाही ते रस्त्यावरच्या गॅरेजांनी केले. कसारा आणि माळशेज हे घाट या गाडीची खरी परीक्षा घेत. नाशिकला जाणारी गाडी शहापूर सोडून घाटाला लागली, की पाण्याचा डबा हाताशी ठेवावा लागे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज असा मार्ग मोटारीनेच कापायचा. मग कोणी रेडिएटरची जाळी वाढवून घेई, कोणी डायनामो काढून अल्टरनेटर बसवी, कोणी स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खाली जमिनीवर आणी. डिझेल स्वस्त म्हणून कोणी इंजिनच बदलून टाकी. शौकीन मंडळी त्याहून पुढे गेली. मद्रासजवळ शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. तेथे हीच कौटुंबिक गाडी स्पोर्ट्स कार होऊन उतरे. सिलिंडर हेड घासून दाब वाढवायचा, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा, आतली आसने काढून वजन कमी. एका हंगामात सारे जमत नसे. एक सुधारणा केली की दुसरीकडे काही तुटे, आणि मग त्याची दुरुस्ती पुढच्या वर्षी. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच, त्यामुळे वेग वाढला तरी थांबणे जुन्याच बेताचे, हे शर्यतवाल्यांनाही चांगले ठाऊक होते.

कारखान्यानेही शेवटी जाग येऊन हात-पाय हलविले. डिझेलची पद्मिनी काढली, जमिनीवरचा गिअर दिला. तोवर मारुतीने बाजार जिंकला होता. शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. उरल्या त्या काळ्यापिवळ्या टॅक्सी. त्यांच्याही डिकीत न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजीची टाकी आली आणि प्रवाशाच्या सामानाची जागा गेली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला रस्त्यावर धावण्याची परवानगी उरली नाही. तेव्हा वालचंदांना जाऊन सत्तर वर्षे झाली होती.