फुजी गुरुजी: शहरांवर पडणाऱ्या बॉम्बविरुद्ध उभा राहिलेला भिक्खू

राजगीरच्या रत्नगिरी टेकडीवर रोपवेने जाऊन आपल्यापैकी अनेकांनी पांढऱ्याशुभ्र विश्वशांती स्तूपासमोर फोटो काढले असतील. तसाच स्तूप ओडिशात धौलीला आहे, आपल्या वर्ध्यालाही आहे. धम्मसहलीत हे स्तूप पाहून होतात, पण ते कोणी आणि कशासाठी उभारायला घेतले हे फारसे कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर जपानच्या जळालेल्या शहरांत आहे.

निचिदात्सु फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, जपानच्या क्युशू बेटावरील आसो भागातल्या शेतकरी कुटुंबातला. तरुणपणीच ते निचिरेन परंपरेत भिक्खू झाले. हातात छोटा ढोल, मुखी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा जयघोष आणि पायी चालणे, एवढीच त्यांची साधना. त्यांच्या संघाचे नाव निप्पोनझान म्योहोजी. बुद्धाची शिकवण तिच्या मायभूमीत परत नेली पाहिजे, या ओढीने ते १९३१ मध्ये कलकत्त्याला उतरले. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला त्यांची गांधींशी भेट झाली आणि पुढे त्यांचा ढोल व मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. पुणे करार होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, त्यामुळे गांधींचे नाव आले की आपल्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या पडण्याला कारणही आहे. पण फुजींचे मोल त्या भेटीवर ठरवू नये. त्यांचे खरे काम नंतरचे आहे.

त्याआधी एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९१८ मध्ये त्यांनी पहिले विहार उभारले ते मांचुरियात, जिथे जपानी साम्राज्याचे पाय पसरत होते. जपानमधील बहुतेक बौद्ध पंथ त्या काळात युद्धाच्या बाजूने उभे राहिले, आणि फुजींच्या तेव्हाच्या भूमिकेवरही अभ्यासकांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. शहरांवर बॉम्ब टाकण्याचे पापही एकट्या अमेरिकेचे नव्हते. जपानी विमानांनी १९३८ पासून चीनच्या चोंगकिंग शहरावर वर्षानुवर्षे बॉम्बवर्षाव केला. आपल्या भिक्खूंची चरित्रे लिहिताना हा भाग गाळायची सवय असते. ती चांगली नाही.

मग १९४५ उजाडले. मार्चमधल्या एका रात्री टोकियोच्या लाकडी घरांवर आगलावे बॉम्ब टाकले गेले आणि सुमारे एक लाख माणसे मेली. ६ ऑगस्टला फुजींना साठ वर्षे पूर्ण झाली. त्याच सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. विमानाचा नेम होता शहराच्या मधोमध असलेल्या एका पुलावर. बॉम्ब फुटला एका रुग्णालयाच्या वर. शहरात लष्कराचे मुख्यालय होते हे खरे, पण वर्षअखेरपर्यंत मेलेल्या सुमारे १ लाख ४० हजारांत बहुसंख्य सामान्य रहिवासी होते. तीन दिवसांनी नागासाकी. सैनिक कोण आणि शाळकरी मूल कोण हे ज्या शस्त्राला ओळखताच येत नाही, ते कोणाच्याही हातात असले तरी अधर्मच, या निष्कर्षावर फुजी आले आणि मरेपर्यंत त्यावरून हलले नाहीत. त्यांनी संपूर्ण अहिंसा स्वीकारली. १९४७ पासून स्तूपांचे काम सुरू झाले आणि पहिला शांतिस्तूप १९५४ मध्ये कुमामोतोला उभा राहिला.

पण ते नुसते स्तूप बांधत बसले नाहीत, आणि तरुण कार्यकर्त्यांनी मुख्यतः हेच पाहावे. टोकियोजवळच्या सुनागावात अमेरिकी हवाई तळ वाढवण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या. १९५६ मध्ये तिथे पोलिसांच्या लाठ्यांसमोर फुजींचे भिक्खू ढोल वाजवत उभे राहिले, मार खाल्ला, हात उचलला नाही. मोजणी थांबवावी लागली. पुढे धावपट्टी वाढवण्याची योजनाच सोडून देण्यात आली.

त्याच सुमारास कायद्याची लढाईही चालू होती. बॉम्बपीडितांनी १९५५ मध्ये जपान सरकारवर खटला भरला, तो शिमोदा खटला म्हणून ओळखला जातो. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने ठरवले की हिरोशिमा-नागासाकीवरील हल्ले त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारही बेकायदेशीर होते. बचावाची लष्करी फळी नसलेल्या शहरावर सरसकट बॉम्ब टाकता येत नाहीत, आणि विनाकारण यातना देणारे शस्त्र वापरता येत नाही. मात्र भरपाईचा दावा फेटाळला गेला, कारण व्यक्तीला असा हक्क मागता येत नाही आणि १९५१ च्या करारात जपानने आपले दावे सोडून दिले होते. गुन्हा सिद्ध झाला, पीडितांच्या हाती काही पडले नाही.

भारतात राजगीरचा स्तूप १९६९ मध्ये खुला झाला. आज नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते भन्ते सुरई ससाई भारतात आल्यावर आधी याच कामावर होते. मग १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि तिला बुद्धाच्या हास्याचे नाव चिकटले. ज्या करुणामूर्तीच्या नावाने एक म्हातारा भिक्खू अणुबॉम्बविरुद्ध गावोगाव चालत होता, तिचेच नाव बॉम्बला! याच देशाने फुजींना १९७८ चा नेहरू आंतरराष्ट्रीय सामंजस्य पुरस्कार दिला. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी सुखाने नांदल्या.

राजगीरला फुजींच्या सहवासात राहिलेल्यांत कंबोडियाचे भिक्खू महा घोसानंद होते. ख्मेर रूज राजवटीनंतर त्यांचा देश भूसुरुंगांनी पेरलेला होता. शेतात, पायवाटेवर, पाणवठ्याजवळ सुरुंग. युद्ध संपले तरी ते फुटत राहिले. १९९२ पासून महा घोसानंदांनी अशाच प्रदेशातून धम्मयात्रा काढल्या आणि सुरुंगबंदीची मागणी लावून धरली. १९९७ मध्ये ओटावा करार झाला, कंबोडियाने १९९९ ला तो मंजूर केला.

हे पाहायला फुजी नव्हते. ९ जानेवारी १९८५ रोजी, शंभरीला काही महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १९७७ मध्ये, जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने लष्करी लक्ष्य आणि वस्ती यांत भेद न करणारे हल्ले स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले. अख्खे शहर एकच लक्ष्य धरून बॉम्ब टाकणेही त्यात आले. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. ओटावा करारातही नाही, आणि २०२१ पासून लागू झालेल्या अण्वस्त्रबंदी करारातही नाही. या शेवटच्या करारात हिरोशिमाचा जपानही नाही.