डॉक्टर व्हिएगस

इ. स. १८९६ सालचा पावसाळा सरत आला होता. मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या आणि त्यांच्या शेजारी दाटीवाटीची, अंधारी घरे होती. तेथे एक भयंकर ताप पसरू लागला. रोगी तापाने फणफणे, त्याच्या जांघेत वा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत होई. पुष्कळांना तो नेहमीचाच ताप वाटला.

या भागातील रोग्यांना डॉक्टर अकासियो व्हिएगस तपासत असत. त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. पुढे ते महापालिकेचे सभासदही झाले.

रोग्यांची लक्षणे बारकाईने तपासल्यावर हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग आहे, अशी त्यांची खात्री पटली. पण हे नाव उच्चारणे सोपे नव्हते. त्यामुळे शहरात घबराट उडाली असती, व्यापार बसला असता. निदान चुकते, तर त्यांचा नावलौकिकही धुळीस मिळाला असता. परंतु लपविल्याने रोग थांबत नाही, हे ते जाणून होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ही गोष्ट उघड केली. प्रथम अनेकांचा विश्वास बसेना. पण तज्ज्ञांच्या तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले.

सरकारने वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांना मुंबईस पाचारण केले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईत देवीची लस १८०२ सालीच आली होती. त्या वर्षी तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली गेली होती. तरीही या नव्या लशीला लोक भीत. डॉक्टर व्हिएगसांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना लस टोचली, असे सांगतात. वस्त्यांची सफाई व उंदरांचा नाश यांसाठीही ते झटले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, असे १८९८ साली सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

१९०६ साली डॉक्टर व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबीतलाव भागात, मेट्रो चित्रपटगृहाजवळ त्यांचा पुतळा आहे. अप्रिय सत्य वेळीच सांगणाऱ्या या डॉक्टरांचे मुंबईवर मोठे ऋण आहे.