सॅम्युएल लँग्ले यांचे चिमुकले एंजिन

छोट्या विमानास नवे एंजिन मिळाले की ते तत्काळ भरवेगाने सोडावे, असा मोह आमच्या बालमित्रांस होतो. परंतु नव्या एंजिनाचे भाग एकमेकांशी रुळलेले नसतात. ते प्रथम फळीवर घट्ट बसवून, भरपूर तेल देऊन, थोडा थोडा वेळ चालवावे लागते. एंजिनाची परीक्षा जमिनीवरच घेण्याचा हा धीर ज्यांच्या अंगी होता, त्या सॅम्युएल लँग्ले यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

लँग्ले यांचा जन्म अमेरिकेत बोस्टननजीक रॉक्सबरी येथे 1834 साली झाला. महाविद्यालयाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. तथापि स्वाध्यायाच्या बळावर ते ज्योतिषशास्त्रात पारंगत झाले. 1867 साली ते ॲलेघेनी वेधशाळेचे प्रमुख व 1887 साली स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस झाले. सूर्याची उष्णता मोजणारे अतिसूक्ष्म यंत्रही त्यांनी निर्मिले.

पुढे त्यांचे मन विमानविद्येकडे वळले. प्रथम त्यांनी रबराच्या पिळावर चालणारी लहान विमाने केली. नंतर दाबलेली हवा व कार्बॉनिक वायू यांचे प्रयोग करून अखेर वाफ पसंत केली. एंजिन हलके करावे तर शक्ती अपुरी, शक्ती वाढवावी तर भार अधिक, या पेचात वर्षे गेली. अनेक विमाने फसली. परंतु प्रत्येक दोष शोधून ते पुन्हा कामास लागत. शेवटी 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे 11 किलो वजनाचे व एका अश्वशक्तीचे त्यांचे पाचवे विमान, मनुष्यावाचून, सुमारे एक किलोमीटर उडाले आणि वाफ सरताच अलगद पाण्यावर उतरले. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल हे त्या प्रसंगी उपस्थित होते.

मग सरकारने मनुष्य वाहणाऱ्या विमानासाठी 50,000 डॉलर दिले. त्यांचे सहायक चार्ल्स मॅनली यांनी 52 अश्वशक्तीचे उत्कृष्ट पेट्रोल एंजिन सिद्ध केले व जमिनीवर तासन्‌तास चालवून पारखले. परंतु लहान आकृती चौपट केली तर पंखांचे क्षेत्र सोळापट होते, वजन मात्र चौसष्टपट! 7 ऑक्टोबर व 8 डिसेंबर 1903 रोजी ते विमान सुटताच नदीत कोसळले. चालक मॅनली सुदैवाने बचावले. लँग्ले यांनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्रास दिला; पुढील तज्ज्ञांस विमानाचा सांगाडाही दुर्बळ वाटला. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. वृत्तपत्रांनी लँग्ले यांची थट्टा केली. 1906 साली ते निवर्तले.

त्यांचा श्रम मात्र वाया गेला नाही. 1922 साली सेवेत आलेल्या अमेरिकेच्या पहिल्या विमानवाहू जहाजास त्यांचेच नाव देण्यात आले. एंजिन रुळविण्यास जो धीर लागतो, तोच पंख, सांगाडा व प्रत्येक खिळा पारखण्यासही हवा, हा बोध आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रापासून अवश्य घ्यावा.